धूर कुणाचा, छाती कुणाची?

(पिंपरी पेंढार येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



तुम्ही मला डिझेलवर बोलायला बोलावलंत. इथं डिझेलवर बोलायचं म्हणजे पोटावर बोलायचं. गावाला लागून कल्याण–नगर रस्ता जातो. एका अंगाला ओतूर आणि पुढं माळशेज घाट, दुसऱ्या अंगाला आळेफाटा, तिथं पुणे–नाशिक रस्ता आडवा येतो. जुन्नर तालुक्यात रेल्वेचं एक स्टेशन नाही, आंबेगावात नाही. पुणे–नाशिक रेल्वे कागदावरच इकडून तिकडं फिरते आहे. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, कॉलेजची पोरं, दवाखान्यात न्यायचा म्हातारा, सगळं डिझेलवर चालतं. तुमच्यातले निम्मे पिकअप चालवतात नाहीतर गाड्या भरतात. त्यामुळं ‘डिझेल बंद करा’ म्हणणारा इथं वैरी वाटतो आणि ‘डिझेलशिवाय देश थांबेल’ म्हणणारा दोस्त वाटतो. मी सांगायला आलोय की या दोघांनाही नीट पारखून घ्या. दोघंही आपल्या नावानं बोलतात आणि दोघंही आपल्याला विचारत नाहीत.

मी याच तालुक्यातला. भोसरीत पंप-नोझलच्या वर्कशॉपात सात वर्षं काढली. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. म्हणून आधी धूर कसा होतो ते सांगतो. जे आपल्या छातीत जातं ते आपल्याला कळलं पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तिथं नुसती हवा इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्या वर तापते. मग नोझलमधून डिझेलचा फवारा सोडतात, तो आपोआप पेटतो. त्यामुळं ताकद जास्त, तेल कमी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली हे इंजिन चालवून दाखवलं. पण फवारा हवेत सारखा मिसळत नाही. जिथं तेल जास्त आणि हवा कमी, तिथं काजळी होते. जिथं उष्णता जास्त, तिथं हवेतलाच नायट्रोजन जळून विषारी वायू होतो. काजळी दिसते, वायू दिसत नाही. एक कमी करायला जावं तर दुसरं वाढतं. डिझेलचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

आता धंद्यातली गोष्ट. गाडी घाट चढत नाही अशी तक्रार आली की मालक सांगतो, पंप वाढव. म्हणजे नोझलमधून तेल जास्त सोड. गाडी ओढते आणि मागून काळं भडभडतं. मालक असं का करतो? एका खेपेत दोन खेपांचा माल भरला तर पैसा वाचतो म्हणून. ओव्हरलोड त्याचा, काळा धूर आपला. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, रस्ता झाडणारी बाई, फाट्यावर भजी तळणारा, आणि जागा मिळाली नाही म्हणून हायवेच्या कडेला झोपडी टाकलेली आपली माणसं, ही सगळी त्या सायलेन्सरच्या उंचीवर जगतात. फ्लॅटवाला सातव्या मजल्यावर खिडकी लावून घेतो. पाणवठा वेगळा करता आला, तसा वारा वेगळा करता येत नाही असं आपण समजत होतो. येतो. काचा वर केल्या, एसी लावला की झाला वेगळा.

या धुरानं कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९८८ साली म्हटलं, ‘बहुधा होतो’. २०१२ साली म्हटलं, ‘होतोच’. फुप्फुसाचा कॅन्सर. या ‘बहुधा’ आणि ‘होतोच’ मध्ये चोवीस वर्षं गेली. पुरावा कुठून आला? अमेरिकेतल्या खाणींत डिझेल यंत्रांशेजारी राबणाऱ्या बारा हजारांवर कामगारांच्या अभ्यासातून आला. खाणमालकांनी तो अभ्यास लांबवायला कोर्टकज्जे केले. कामगाराची छाती हीच प्रयोगशाळा, आणि निकाल लागू नये म्हणून मालक वकील लावतो.

फोक्सवॅगनचं ऐका. आळेफाट्यावरून पुण्याकडं निघालं की चाकण लागतं. तिथं या कंपनीचा कारखाना आहे. आपली कितीतरी पोरं त्या पट्ट्यात कंत्राटावर राबतात. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की या जर्मन कंपनीनं आपल्या डिझेल मोटारींत लबाड सॉफ्टवेअर बसवलंय. गाडी तपासणीच्या यंत्रावर चढली की ते ओळखायचं आणि गाडीला सोवळी करायचं. रस्त्यावर आली की विषारी वायू मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. जगभर अशा १ कोटी १० लाख गाड्या. ‘क्लीन डिझेल’ म्हणून विकलेल्या! २०१८ साली आणखी एक बाहेर आलं. जर्मन मोटार कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेनं २०१४ साली दहा माकडांना डब्यात बसवून हा धूर हुंगायला लावला होता, आणि ती गाडीसुद्धा लबाड सॉफ्टवेअरचीच होती.

आपल्या देशात काय झालं? पुण्याच्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं गाड्या तपासल्या. कंपनीनं ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये हरित लवादानं ५०० कोटींचा दंड लावला. मे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. अमेरिकेत कंपनीनं लोकांच्या गाड्या विकत परत घेतल्या, गुन्हा कबूल केला. इथं सॉफ्टवेअर बदलून दिलं. गोऱ्याच्या फुप्फुसाची किंमत वेगळी आणि आपल्याची वेगळी.

आणि आपल्या पिकअपची तपासणी कशी होते? पीयूसी. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, अॅक्सिलरेटर दाबतात, धूर किती दाट आहे ते बघतात. बस्स. जो वायू दिसत नाही तो मोजतच नाहीत. एका पीयूसी केंद्रावर तर मी नळी न घालताच छापलेला कागद पाहिलाय. दोन्हीकडं लबाडीच आहे. पण पीयूसीचा कागद नसेल तर रस्त्यावर कोणाला उभं करतात? पिकअपवाल्याला.

आता पैशाचा हिशेब. सरकारनं डिझेल वर्षानुवर्षं स्वस्त ठेवलं. कुणाच्या नावानं? शेतकऱ्याच्या, एसटीत बसणाऱ्या गरिबाच्या. २०१२ साली दिल्लीत पेट्रोल सत्तरीत आणि डिझेल चाळिशीत होतं. मग काय, पैसेवाल्यांनी डिझेलच्या मोटारी घ्यायचा सपाटा लावला. त्या वर्षी विकल्या गेलेल्या निम्म्याच्या आसपास मोटारी डिझेलच्या होत्या. जानेवारी २०१३ मध्ये तर कहर झाला. ठोक डिझेल घेणाऱ्यांना, म्हणजे एसटी महामंडळासारख्यांना, बाजारभाव लावला. मोटारवाल्याला पंपावर सवलतीचं मिळत राहिलं. लाल डबा महाग डिझेल पिणार आणि बंगल्यातली मोटार स्वस्त! अनेक राज्यांच्या परिवहन महामंडळांनी आपल्या बस रस्त्यावरच्या पंपावर रांगेत उभ्या केल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव बाजारावर सोडला, तेव्हा मोटारवाले पेट्रोलकडं वळले. आता नव्या मोटारींत डिझेलच्या साधारण पाचवा हिस्सा. पण तो हिस्सा कोणता? मोठ्या, दांडग्या गाड्यांचा. पुढाऱ्याच्या ताफ्यात बघा.

मग बंदी आली की कुणावर येते? मुंबईत धुराविरुद्ध नागरिक हायकोर्टात गेले. १९९९ साली व्ही. एम. लाल समिती बसली. जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि किटचा खर्च टॅक्सीवाल्याच्या बोकांडी बसला. हवा सुधारली, हे खरं आहे, नाकारू नका. पण बिल कुणी भरलं तेही लिहून ठेवा. दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या आदेशानं बस सीएनजीवर न्यायच्या होत्या. सरकारनं वेळेत तयारी केली नाही, २००१ साली बसच नाहीत म्हणून कामगार थांब्यांवर ताटकळले. आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्याच कोर्टानं दिल्लीत २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली, तेव्हा? आठ महिन्यांत, ऑगस्ट २०१६ मध्ये, बंदी उठली. किंमतीवर एक टक्का भरा आणि जा. टॅक्सीवाल्याला किट, श्रीमंताला एक टक्का.

आजचा वादही त्याच वाटेनं चाललाय. २०२३ साली तरुण कपूर समितीची शिफारस बाहेर आली की दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद करा. सरकारनं सांगितलं, आम्ही ती स्वीकारलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरी म्हणाले, डिझेलच्या गाड्यांवर दहा टक्के जादा कर लावायला सांगतो. शेअर बाजार हलला, त्याच दिवशी खुलासा आला की असा प्रस्ताव नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं? मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के होता, तो ४० वर आला. दांडगी डिझेल गाडी स्वस्त झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करता येतील का, यावर राज्यानं सात जणांची समिती नेमली. तीत अधिकारी आहेत, गॅस कंपनी आहे, वाहन उत्पादकांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे. टॅक्सी ड्रायव्हरला खुर्ची नाही.

कंपनीवाले म्हणतात, आता डिझेल शुद्ध झालं. त्यात तथ्य आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. काजळी पकडायला फिल्टर आला, वायू मारायला युरियाचं पाणी आलं. होय, ज्या युरियासाठी तुमचा बाप रांगेत उभा राहतो, त्याच युरियाचं. पण फिल्टर तुंबला की बदलायला मोठा पैसा लागतो. मग गॅरेजवाला फिल्टर पोकळ करून देतो. तंत्र चांगलं असलं तरी ते टिकवायचा खर्च हातावर पोट असलेल्यावर टाकला की ते टिकत नाही.

मग इलेक्ट्रिक? जरूर. पण डोळे उघडे ठेवून. महाराष्ट्राची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे. पुण्यातली मोटार बिनधुराची होते, तेव्हा चंद्रपूरच्या चिमण्या धूर ओकतात. म्हणजे धूर संपला नाही, गावकुसाबाहेर ढकलला. ही रीत आपल्याला नवी नाही. आणि सवलत कुणाला? राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी ठरली. वीस-पंचवीस लाखांची मोटार फुकट जाणार आणि टोमॅटोचा पिकअप टोल भरणार!

वीज हा बाबासाहेबांचा विषय होता, हे विसरू नका. १९४२ ते १९४६ ते मजूरमंत्री होते, तेव्हा वीज आणि पाटबंधारे त्यांच्याकडं होतं. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं ते त्यांच्या खात्यात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्वस्त आणि भरपूर वीज असल्याशिवाय उद्योग नाही, आणि उद्योगाशिवाय गरिबी हटत नाही. वीज सगळ्यांची व्हावी म्हणून हा माणूस झिजला. ती आता मोटारवाल्याची चैन होऊ द्यायची का?

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे–नगर रस्त्यावर धावली. १ जून २०२२ ला पहिली ‘शिवाई’ ही विजेवरची एसटी त्याच रस्त्यावर धावली. पण तिचं तिकीट साध्या लाल गाडीपेक्षा जास्त. ५,१५० इलेक्ट्रिक बस भाड्यानं घ्यायचा करार झाला, त्या वेळेवर आल्या नाहीत. २०२५ साली परिवहनमंत्र्यांनाच करार रद्द करायची भाषा करावी लागली. मोटारीला टोलमाफी लगेच आणि एसटीला तारीख पे तारीख.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. डिझेल जावं की राहावं, हा सवाल अर्धा आहे. आधी कुणाचं डिझेल जाणार आणि बिल कोण भरणार, हा पुरा सवाल आहे. आपला क्रम आपण सांगू :

१. आधी चैनीची मोठी डिझेल मोटार. एक टक्क्याची पळवाट नको.

२. मग सरकारी ताफे. ज्यांनी धोरण करायचं त्यांनी सुरुवात करायची.

३. वस्तीतून जाणारी एसटी आधी विजेवर, साध्या तिकिटात.

४. पिकअप, काळी-पिवळी, छोटा टेम्पो सगळ्यात शेवटी. तोही हातात नवी गाडी आणि बिनव्याजी कर्ज दिल्यावर.

५. दंड ओव्हरलोड भरणाऱ्या मालकाला, ड्रायव्हरला नाही.

६. समितीत ड्रायव्हर, मेकॅनिक, सफाई कामगार यांची माणसं.

आणि ड्रायव्हर दोस्तांनो, एक तुमच्यासाठी. उद्या कंपनीवाला तुमच्याकडं येईल, म्हणेल, डिझेल वाचवा, तुमची रोजी वाचवा, मोर्चा काढा. त्याचा झेंडा खांद्यावर घेऊ नका. रोजी आपली आहे, तशी छातीही आपलीच आहे. धूर आपल्याला पोसत नाही, आपली मेहनत पोसते. ती विजेच्या गाडीवरही चालेल. म्हणून लढायचं ते धूर वाचवायला नव्हे, तर नवी गाडी आपल्या हातात पडावी आणि जुन्या धुराचं बिल ज्यानं तो काढला त्यानं भरावं, यासाठी.

उद्यापासून एक काम करा. ओतूर ते आळेफाटा, दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्या माणसांची यादी करा. किती वर्षं राबतात, खोकला किती दिवसांचा, दवाखान्यात गेले का, लिहा. वही घेऊन तहसीलदाराकडं जा, मग आरटीओकडं जा. समितीच्या अहवालात आपली माणसं नाहीत, तर आपला अहवाल आपण लिहू.

जयभीम.