जन्माने लागलेला आरोप, लेखणीने दिलेली साक्ष

(जबल अली येथे मराठी भाषिक यहुदी कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर)



छळ सोसून पुढे लेखणीच्या बळावर न्याय मागणाऱ्या एखाद्या व्यक्तीविषयी मी बोलावे, असे मला सुचवण्यात आले. विषय ऐकताच आपल्या मनात युरोपातील नावे आली असतील. आऊशवित्सच्या छावणीत ज्यांच्या हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला गेला, त्या प्रीमो लेवी यांनी १९४७ साली आपली साक्ष ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. त्या साक्षीपुढे आपण नतमस्तक आहोतच. परंतु आज मी अशा एका साक्षीदाराविषयी बोलणार आहे, ज्याचे पुस्तक वाचण्यासाठी आपल्याला अनुवादकाची गरज नाही. ते लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड होत. त्यांचे आत्मकथन ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

‘उचल्या’ हे त्या जमातीचे नाव. दुसऱ्याची वस्तू उचलणारा, असा त्याचा अर्थ. मूल जन्माला येण्यापूर्वीच त्याच्यावर आरोप ठेवणारे हे नाव आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून अशा आरोपाला राजमुद्रा दिली. जमातीची नोंद एकदा झाली की तिच्यातील माणसांनी पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्यावाचून हद्द ओलांडायची नाही. चूक झाली तर शिक्षा. आपण केलेल्या कृत्यासाठी नव्हे, तर आपण कोणाच्या पोटी जन्मलो यासाठी! हा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या जमातींना ‘विमुक्त’ हे नवे नाव मिळाले. परंतु पोलिसांची काठी आणि गावाची नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही.

अशा घरातून शाळेत गेलेले पहिले मूल म्हणजे लक्ष्मण. वस्तीत रोगराई आली, तेव्हा तिचा दोषही या मुलाच्या शाळेला देण्यात आला. बाहेरचे लोक त्याला चोर समजत आणि घरचे लोक पुस्तकाला भीत. पुढे लातूरच्या सूतगिरणीत नोकरी, कामगारांची संघटना, समाजाची संघटना, असा त्यांचा मार्ग गेला आणि त्यातूनच लेखन आले.

बंधुभगिनींनो, या पुस्तकाचा एक गुण मला विशेष वाटतो. आपल्या लोकांची बाजू मांडताना गायकवाडांनी त्यांना निष्कलंक ठरवलेले नाही. भूक, चोरी, लहान मुलांना दिले जाणारे चोरीचे शिक्षण, पोलिसांचा मार आणि पोलिसांचा वाटा, असे सर्व त्यांनी उघड लिहिले आहे. वकील अशिलाची उणी बाजू झाकतो. साक्षीदाराला ती मुभा नसते. आणि म्हणूनच त्यांच्या साक्षीला वजन आले. भाकरीचे सर्व मार्ग बंद करून वर चोर म्हणणाऱ्या समाजाला उत्तर द्यावे लागले.

लेखनाने त्यांचे काम संपले नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात सबर जमातीतील बुधन या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. ही जमातदेखील त्याच जुन्या कायद्याने डागलेली. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला. धनेगावच्या माणसाला पुरुलियाच्या माणसाचे दुःख आपले वाटले, ही त्या लेखणीची वाढ होय.

आता आपल्याकडे वळू. कोकणात उतरलेले आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवीत; म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. तेही शेजाऱ्यांनीच दिलेले नाव; पण त्यात आपल्या विश्रांतिदिनाची ओळख होती. त्याच मराठी भाषेने दुसऱ्या एका समाजाला चोरीवरून नाव दिले. बेने इस्राएलांना महाराष्ट्रात धर्मासाठी छळ सोसावा लागला नाही, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. परंतु ज्या भूमीने आपल्याला सुखाने नांदवले, तिथेच कोणाला हजेरी द्यावी लागत होती, हेही जाणणे कृतज्ञतेचाच भाग आहे.

आपली तोरा याविषयी मौन नाही. पुत्राच्या पापासाठी पित्याला आणि पित्याच्या पापासाठी पुत्राला देहान्त शिक्षा देऊ नये, असे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये, असे त्याच ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय सांगतो. आणि जो जाणत असूनही साक्ष देत नाही, तो दोषी, असे लेवीय ग्रंथात आहे. १८७१चा कायदा या कसोटीवर एक क्षणही टिकत नाही.

मग इथे, जबल अलीत, या गोष्टीचा आपल्याशी काय संबंध? आपल्या घरी काम करणारी बाई, गाडी चालवणारा, इमारतीचा पहारेकरी हे सर्व कुठल्या ना कुठल्या दूरच्या गावाहून आलेले आहेत. घरातील एखादी अंगठी सापडेनाशी झाली, तर पहिला संशय कोणावर जातो? ‘त्या देशाचे लोक तसेच’ हे वाक्य आपल्या मुलांसमोर किती सहज उच्चारले जाते! त्या वाक्यात तो जुना कायदा जिवंत आहे. मिसरात आपण परके होतो, हे दर पेसाहला आपण मोठ्याने म्हणतो; त्याची परीक्षा सेदेरच्या मेजावर होत नाही, ती अंगठी हरवलेल्या दिवशी होते.

शेवटची विनंती मुलांच्या आईवडिलांना. १८४६ साली मुंबईत आपल्या हग्गादेचे मराठी भाषांतर छापले गेले, ते घरातील प्रत्येकाला मुक्तीची कथा कळावी म्हणून. आज आपल्या मुलांची मराठी सुटत चालली आहे. ती सुटली, तर ‘उचल्या’सारखी साक्ष त्यांच्या कानी कधीच पडणार नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी घरात मराठी पुस्तक मोठ्याने वाचावे. आपले दुःख आपल्याला ठाऊक आहे. शेजाऱ्याचे दुःख आपल्याला त्याच्याच भाषेत ऐकता येते, हे आपले भाग्य आहे. ते आपण दवडू नये.