भाकरी सोडण्यापूर्वी

लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये स्थूलतेविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. वय ६६. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्यांनी साखर, बटाटे, बिअर वर्ज्य केली, पाव नावापुरता ठेवला आणि सुमारे वर्षभरात ४६ पौंड वजन उतरविले. पुढे ८१ वर्षांचे होऊन ते निवर्तले. त्यांच्या दाखल्यावर भाळून आज अनेक वृद्ध भाकरीभात सोडू पाहतात.

आजचा अत्यल्प पिष्टमय आहार त्याहून कडक आहे. दिवसाला सुमारे ५० ग्रॅमपेक्षा कमी पिष्टमय पदार्थ, अशी त्याची मर्यादा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातच ते ७० ग्रॅमच्या आसपास असतात! अशा आहाराने रक्तातील साखर उतरते, हे खरे. दीर्घायुष्य लाभते, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

त्याच शंभर ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिनेही असतात, याचा सहसा विसर पडतो. साठ किलो वजनाच्या माणसास दररोज निदान ५० ग्रॅम प्रथिने हवीत. भाकरी गेली आणि तिच्या जागी अंडी, मासळी, पनीर यांपैकी काहीच आले नाही, तर उतारवयात आधीच झिजणारे स्नायू अधिक झिजतात. डाळ वाढवावी, तर तिच्यातही पिष्ट आहेच. शाकाहारी वृद्धांची अडचण ती हीच.

इन्सुलिन वा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना भाकरी एकाएकी सोडल्यास साखर घसरून भोवळ येते. या वयात पडल्यास खुब्याचे हाड मोडू शकते. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाची मात्रा आधी ठरवून घ्यावी, ताट मागाहून बदलावे.