दिल्लीतली एक जागा आणि पाड्यावरची नावं

(मिशनच्या वार्षिक मित्रमेळाव्यात केलेलं भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृह आणि दवाखान्याबद्दल बोलते. तो हिशेब या वेळी छापील अहवालात आहे, घरी गेल्यावर वाचालच. आज मला नंदुरबार लोकसभा मतदारसंघाबद्दल बोलायचं आहे. मागच्या बाकांवर थोडी चुळबुळ झालेली दिसली! काळजी नसावी, मी कोणासाठी मत मागायला उभी नाही.

महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा मतदारसंघांत नंदुरबारचा क्रमांक पहिला. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर आणि धुळे जिल्ह्यातले साक्री, शिरपूर असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. सहाही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून माणिकराव गावित इथून सलग नऊ वेळा निवडून गेले. २०१४ आणि २०१९ मध्ये डॉ. हीना गावित आणि २०२४ मध्ये ॲड. गोवाल पाडवी निवडून आले.

राखीव जागा म्हणजे तिथे फक्त आदिवासी मतदान करतात, असा समज आपल्या सुशिक्षित मंडळींतही मी ऐकला आहे. तसं नाही. मत सगळेच देतात, उमेदवार मात्र अनुसूचित जमातीचा असावा लागतो. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी अशा जागा ४७, आणि महाराष्ट्रात चार: नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर.

आता कोणी विचारेल, ताई, या चार जागांनी पाड्यावरच्या माणसाचं काय भलं झालं? पाड्यावरही हेच विचारतात. खासदार दिसतो तो प्रचारात, नाहीतर लग्नात. त्यांना मी दोन माणसांची गोष्ट सांगते. दोघेही महाराष्ट्राबाहेरचे.

दिलीपसिंह भुरिया हे मध्य प्रदेशातल्या झाबुआ या राखीव मतदारसंघाचे खासदार. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल १९९५ मध्ये आला आणि त्याच्या आधारे १९९६ मध्ये पेसा कायदा झाला. आज अक्राणीतली ग्रामसभा गौणवनोपजाबद्दल किंवा दारूच्या दुकानाबद्दल ठराव करते, तो या कायद्याच्या बळावर. दुसरे किशोर चंद्र देव, आंध्रातल्या पार्वतीपुरम या राखीव जागेचे खासदार. वनहक्काचं विधेयक २००५ मध्ये आलं तेव्हा १९८० पूर्वीपासून जमीन कसणाऱ्यालाच हक्क मिळावा, असं त्यात लिहिलं होतं. विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं, अध्यक्ष देव होते. समितीने ती तारीख १३ डिसेंबर २००५ करायला सांगितली आणि २००६ च्या कायद्यात तीच आली. पंचवीस वर्षांचा फरक! सातपुड्यात ज्यांच्या हातात आज वनपट्टा आहे, त्यांतल्या कितीतरी जणांची जमीन या एका तारखेवर उभी आहे. म्हणून राखीव जागा ही नुसती शोभेची खुर्ची आहे, हे मला पटत नाही. खुर्चीत बसणारा काय करतो, हा प्रश्न वेगळा आणि तो मतदारांनी त्याला विचारायचा आहे.

विचारायला मतदार यादीत असावा लागतो, आणि आमची खरी अडचण इथे आहे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, बहुतेक गुजरातकडे. घराला कुलूप, नाहीतर एखादी म्हातारी आणि दोन शेळ्या. पडताळणीला आलेला माणूस कुलूप बघून ‘स्थलांतरित’ असा शेरा मारतो. मागच्या निवडणुकीत एक जण पोरांसह रात्रभर प्रवास करून मतदानाला आला होता. मतदार कार्ड त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. यादीत नाव नव्हतं. कार्ड आहे म्हणजे नाव आहे, अशीच त्याची समजूत. केंद्रावरच्या लोकांनी नियमाप्रमाणे परत पाठवलं. तो भांडला नाही. कार्ड परत पिशवीत घालून झाडाखाली बसून राहिला.

कायदा या बाबतीत त्याच्या बाजूने आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्या कारणाने त्या गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. ऊसतोड तात्पुरतीच आहे. पण कलम पाड्यावर कोणाला माहीत? बाहेरगावी बसून मत देण्याची सोयही या मजुरांना नाही. निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत त्यासाठीचं यंत्र राजकीय पक्षांसमोर मांडलं होतं, पण तो विषय तिथेच थांबला.

दुसरी यादी जनगणनेची, आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही म्हणून थोडं सविस्तर सांगते. संविधानाच्या ३३० व्या कलमाप्रमाणे राज्यात आदिवासींचं जे प्रमाण, साधारण त्या प्रमाणात राखीव जागा. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती आणि अनुसूचित जमातींची १,०५,१०,२१३. हे प्रमाण ४८ जागांना लावा. उत्तर येतं ४.४९, म्हणजे जवळचा पूर्णांक चार. साडेचारला पोहोचायला आणखी सुमारे २७ हजार आदिवासी मोजले गेले असते तरी पुरत होतं. २०११ च्या आकड्यांवर जागा ठरल्या नाहीत, हे खरं. पण पुढच्या ठरतील तेव्हा गणित याच रीतीचं असेल, आणि जागा कायम एकाच ठिकाणी राहत नाही. २००८ पर्यंत धुळे राखीव होतं, मालेगावही होतं. आज धुळे खुलं आहे आणि मालेगाव नावाचा लोकसभा मतदारसंघच उरला नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक आहे १ मार्च २०२७. त्या सुमारास आमची माणसं कुठे असतील? उसाच्या फडात. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसतो तो जिथे असेल तिथे मोजला जातो, असा जनगणनेचा नियम आहे. म्हणजे ती सगळी माणसं गुजरातच्या खात्यात जमा, आणि फडातल्या पालांपर्यंत मोजणारा पोहोचलाच नाही तर कुठेच नाहीत. औगुस्त कैसराच्या नावनिशीच्या वेळी माणसं आपापल्या गावी गेली होती, म्हणून योसेफ आणि मरिया बेथलेहेमात पोहोचले. आमच्या लोकांना गावी यायची सोय नाही, उचल फिटलेली नसते.

मंडळीने यात का पडावं, असं एका वडिलांनी मला विचारलं. मी त्यांना म्हटलं, दवाखान्यात केसपेपर काढताना आपण नाव, गाव, वय लिहितोच ना? तेवढंच काम आहे. कोणाला मत द्या हे सांगायचं नाही, आणि पाडा ख्रिस्ती आहे की नाही हेही बघायचं नाही.

या वर्षी आम्ही पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, टोळ्या निघण्याआधी, पाड्यापाड्यावर मतदार यादी मोठ्याने वाचणार आहोत. ज्याचं नाव गेलं त्याचा नमुना ६ तिथेच भरायचा. सतरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचे अर्ज आगाऊ घेता येतात, तेही घ्यायचे. मुकादमांकडून कोणती टोळी कोणत्या गावाच्या फडावर जाते ते लिहून घेणार आहोत, म्हणजे फेब्रुवारीत तिथल्या मोजणी करणाऱ्यांना पालं दाखवता येतील. बार्डोली, सुरतेकडे ज्यांची मंडळी किंवा नातेवाईक आहेत त्यांनी आज जेवणाच्या वेळी मला भेटावं. पावरी आणि मावची वाचून समजावू शकतील अशी सहा मुलंमुली हवी आहेत. आणि एक फोटोग्राफर हवा, जो यंत्र घेऊन धडगावच्या वर चढायला तयार होईल. अर्जाला फोटो लागतो, आणि फोटोसाठी तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते.