अळी शहाणी होत नाही, निवडली जाते
(कुपवाड येथील जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाचा विषय दुपारी येणारच आहे. त्याआधी शेंदरी बोंडअळीविषयी बोलू. कापसाचा भाव चांगला निघाला तरी बोंडात अळी असेल तर तो भाव कुणाच्या पदरात पडणार?

बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले. नवे बियाणे शेतकऱ्याला मिळाले पाहिजे म्हणून शेतकरी चळवळ भांडली. ते भांडण रास्तच होते, आजही आहे. पण पुढे काय झाले? आधी गुजरातेत शेंदरी अळी एका जनुकाला पुरून उरली, मग दोन जनुकांनाही. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंड फोडावे तर आत अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

लोक म्हणतात, अळी शहाणी झाली. अळी काही शाळेत जात नाही. मायबहिणी ज्वारीची टपोरी कणसे निवडून बियाण्याला ठेवतात, तसाच हा प्रकार. मालदांडी ३५-१ हे वाण १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडूनच काढले. डार्विनने १८५९ सालच्या ग्रंथाची सुरुवात केली ती शेतकरी आणि पशुपालक करतात त्या निवडीपासूनच. लाखो अळ्यांत चार-दोन अशा असतात की ज्यांना बीटीचे विष बाधत नाही. सगळ्या शिवारात बीटीच असेल तर बाकीच्या मरतात आणि या चार-दोनच उरतात. त्यांचेच आपसात लग्न लागते. एका हंगामात अळीच्या चार-पाच पिढ्या होतात. फरदड ठेवली की आणखी वाढतात.

यावरचा उपाय सुरुवातीपासून ठाऊक होता. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधी सरकी येई, ती कडेने लावायची. त्या ओळींत साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग वाचलेल्या पतंगांशी जुळतात आणि होणारी पिल्ले पुन्हा बीटीवर मरतात. बहुतेक शिवारांत ती सरकी पडून राहिली. साहेबलोकांनी निदान केले, शेतकरी अडाणी. अडाणी नव्हे, हिशेबी! कडेच्या ओळी अळीला द्यायच्या त्या एकट्याने, आणि फायदा जायचा साऱ्या गावाला. शेजाऱ्याने लावल्या नाहीत तर आपल्या ओळी फुकट गेल्या. अशा हिशेबात कोण लावील? पुढे साधे बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, तोवर उशीर झाला होता.

इथे हिरव्या बोंडअळीची गंमत पाहा. ती तुरीवर, हरभऱ्यावर, ज्वारीच्या कणसावरही जगते. कुणी न सांगता आपल्या मिश्र पिकांनी तिच्यासाठी ही कडेची ओळ राखली आणि शेंदरीसारखा दणका तिने दिला नाही. शेंदरीला मात्र कापसाशिवाय जवळजवळ दुसरे खाद्य नाही. तिच्यासाठी ओळ मुद्दाम राखावी लागते, आणि तीही साऱ्या गावाने.

जमते का असे? अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे राखले, २००६ पासून वांझ पतंग सोडले, आणि २०१८ साली तिथल्या सरकारने शेंदरी अळी देशाच्या कापूस पट्ट्यातून संपल्याचे जाहीर केले. तिथे पैसा होता, मान्य. पण आपल्याच जिल्ह्यात खानापूर तालुक्यात १९८० च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण उभे केले. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरटी द्यायचे, भूमिहीनालाही द्यायचे, असे ठरवले. अशी रीत तेव्हा विरळच होती. एका ठिकाणी करून पाहिली, पुढे समन्यायी पाण्याची मागणी आटपाडीपर्यंत गेली. माणसांच्या रीतीही अशाच निवडल्या जातात. जी निभते तिची नक्कल होते. फरक एवढाच की अळीला आपली रीत निवडता येत नाही, आपल्याला येते.

आमचे म्हणणे असे की अळीचे बीटीला बळी पडणे ही विहिरीच्या पाण्यासारखी गावाची सामाईक ठेव आहे. एकाने उपसली की सगळ्यांची आटते. मग राखणदारीचा खर्च एकट्याच्या माथी का? कडेच्या ओळींचे नुकसान गावाने वर्गणीतून भरून द्यावे, आणि बियाणे विकणाऱ्यांनीही त्यात वाटा उचलावा. हा ठराव दुपारी मांडतो आहोत.

तोवर आपल्या हातातले: गावात पेरणी शक्यतो एकाच आठवड्यात, वाण कमी दिवसांचे, हेक्टरी पाच कामगंध सापळे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार. आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची. फरदड कुणी ठेवायची नाही. ज्याच्याकडे पऱ्हाटी उपटायला बैल किंवा मजूर नसेल त्याची नावे आजच गावनिहाय लिहून द्या. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे.