दुबईतले घर : ताब्याआधीची खरेदी

दुबईत बांधकाम पूर्ण होण्याआधी घर घेण्यात जोखीम असते.
हाती फक्त करार असतो. ताबा नसतो.

2008 च्या जागतिक मंदीत तिथले अनेक प्रकल्प रखडले.
काही रद्द झाले.
खरेदीदारांचे हप्ते अडकून पडले.

दुबईत 2007 पासून एस्क्रो खात्याचा कायदा आहे.
हप्ता त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यातच भरायचा असतो.
दलालाच्या खात्यात कधीही नाही.

प्रकल्पाची नोंद दुबई भूमी विभागाकडे असते.
ती आधी तपासावी.

भारतातून पैसे पाठवण्यावर रिझर्व्ह बँकेची वार्षिक मर्यादा आहे.
पुढचे हप्ते तिच्यात बसतात का, हेही पाहावे.

पुन्हा सांगायचे तर,
आधी नोंद,
मग एस्क्रो खाते,
आणि त्यानंतरच पैसे.