‘ग्रेडियस’ची ओढ



कथा-कवितेबद्दल, संगीताबद्दल आपण ज्या गांभीर्याने बोलतो, त्याच गांभीर्याने आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायची संधी मला मिळाली आहे. मी एकच खेळ निवडला आहे. जपानच्या कोनामी कंपनीने १९८५ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, आणलेला ‘ग्रेडियस’. जपानबाहेर तो ‘नेमेसिस’ या नावानेही गेला. व्हिक वायपर नावाचं एक छोटं यान, उजवीकडून येणारे शत्रू आणि अखंड मागे सरकणारं अवकाश, एवढ्यात त्याचं वर्णन संपतं. आणि वर्णन असं झटकन संपतं म्हणूनच ‘गोळ्या झाडायचा खेळ’ असा शिक्का मारून लोक तो बाजूला ठेवतात. माझं म्हणणं असं की, गोळ्या झाडणं हा या खेळातला सर्वांत सोपा भाग आहे. आपल्याला कोणती ताकद हवी आणि ती कधी घ्यायची, हे क्षणाचीही उसंत न मिळता ठरवायला लागणं, ही त्याची खरी ओढ आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये खेळाडूची तोफ पडद्याच्या तळाशी फक्त डावी-उजवीकडे सरकायची आणि शेवटपर्यंत तशीच राहायची. पुढे यूजीन जार्विस यांच्या ‘डिफेंडर’ने पडद्यापलीकडे पसरलेला प्रदेश दिला, त्यात यान दोन्ही दिशांना नेता यायचं. १९८१ मध्ये कोनामीचाच ‘स्क्रॅम्बल’ आला. त्यात जमीन आपोआप सरकायची, पुढे जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि इंधन संपत आलं की खालच्या टाक्या उडवून ते मिळवावं लागायचं. ‘ग्रेडियस’ची सुरुवात या ‘स्क्रॅम्बल’चा पुढचा भाग म्हणूनच झाली होती. हिरोयासु माचिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक गोष्ट अशी घातली की खेळाचं स्वरूपच पालटलं.

पडद्याच्या तळाशी सहा घरांची एक पट्टी असते. वेग, क्षेपणास्त्र, डबल, लेझर, ऑप्शन, आणि शेवटच्या घरात फक्त प्रश्नचिन्ह. तिथे ढाल मिळते. काही शत्रू मारले किंवा एखादी रांग पूर्ण उडवली की लाल कॅप्सूल मागे राहते. ती उचलल्यावर लगेच काहीच मिळत नाही. पट्टीवरचा उजेड फक्त एक घर पुढे सरकतो. त्या घरातलं शस्त्र हवं असेल तर वेगळं बटण दाबायचं. नको असेल तर पुढच्या कॅप्सूलची वाट पाहायची. शेवटचं घर ओलांडलं तर उजेड पुन्हा पहिल्या घरावर येतो, आणि साठवलेलं सगळं वाया जातं.

या एका पट्टीमुळे प्रत्येक कॅप्सूल हा एक प्रश्न होतो. सुरुवातीला यान इतकं संथ असतं की एकदा तरी वेग घ्यावाच लागतो. दोनदा घेतला तर हालचाल मोकळी होते. त्याहून जास्त घेतला तर अरुंद जागेत यान हाताबाहेर जाऊन भिंतीवर आदळतं, आणि घेतलेला वेग परत करायची सोय नाही. डबलमुळे तिरकस वरही गोळी जाते. लेझर आडव्या रांगा कापत जातो. पण दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत. एक घेतलं की दुसरं गेलं. ढाल अगदी शेवटच्या घरात, म्हणजे सर्वांत महाग, आणि ती वाचवते फक्त समोरून. हे सगळं ठरवताना पडदा सरकत असतो, शत्रू येत असतात, आणि पुढची कॅप्सूल नेमकी दोन गोळ्यांच्या मधून तरंगत चाललेली असते. तिच्यासाठी जिवाचा धोका पत्करायचा का? हा प्रश्न खेळाडूला एका डावात कितीतरी वेळा पडतो, आणि दर वेळी उत्तर वेगळं असतं.

ऑप्शनवर मला थोडं थांबायचं आहे, कारण व्हिडिओ गेमच्या इतिहासातली ती मला सर्वांत सुंदर कल्पना वाटते. ऑप्शन म्हणजे यानामागून येणारा एक तेजस्वी गोळा. यान झाडतं तेच तो झाडतो. त्याला शत्रूची गोळी लागत नाही, डोंगर अडवत नाही. आर्केडमध्ये असे चार गोळे मिळवता येतात. ते यान ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने, थोड्या अंतराने, मागून येतात. यान थांबलं की तेही जिथल्या तिथे थांबतात. म्हणजे आपण आत्ता कसे हललो यावर आपल्या पुढच्या माऱ्याचा आकार ठरतो. वर-खाली फिरून थांबलात तर पाच लेझरची उभी भिंत तयार होते. यान जिथे शिरूच शकत नाही अशा खडकाच्या आत एखादा गोळा नेऊन ठेवता येतो. सुरुवातीला खेळाडू फक्त गोळ्या चुकवण्यासाठी हलतो; ऑप्शन हाताशी आले की तोच खेळाडू पडद्यावर रेषा आखायला लागतो. हा बदल ज्याने स्वतःच्या मनगटात अनुभवला आहे, त्याला या खेळाची थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

आता याची दुसरी बाजू. एक गोळी लागली की सगळं जातं. वेग, लेझर, चारही ऑप्शन. यान थोडं मागच्या ठिकाणी, पुन्हा पहिल्यासारखं संथ आणि दुबळं होऊन उभं राहतं, आणि समोर तोच टप्पा असतो जो पूर्ण ताकदीनिशीही अवघड गेला होता. त्यात भर म्हणजे खेळाडू जितका सज्ज होत जातो, तितका खेळही कठीण होत जातो. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. गमावण्याची भीती नसती तर कॅप्सूलच्या त्या निवडीला वजनच उरलं नसतं. शिवाय मोडलेल्या अवस्थेतून, एकेक कॅप्सूल वेचत पुन्हा उभं राहणं, हे या खेळातलं सर्वांत कसाचं काम आहे. खरा जाणकार खेळाडू तिथेच ओळखू येतो.

पाठांतराशिवाय इथे गती नाही, हेही खरं. पहिल्या टप्प्याच्या शेवटी दोन ज्वालामुखी फुटतात आणि दगडांचा वर्षाव होतो. पुढे एका टप्प्यात ईस्टर बेटावरच्या मोआई पुतळ्यांसारखी दगडी डोकी तोंडातून कडी फेकतात. कुठून काय येणार हे ठाऊक झालं की खेळ सोपा होत नाही, पण तो आपल्या ओळखीचा होतो, आणि मग त्यातल्या जागा खुलू लागतात. सर्वांत शेवटी भेटतो एक अवाढव्य मेंदू, जो प्रतिकारच करत नाही! आणि तो संपवला की खेळ पहिल्या टप्प्यापासून, आणखी कठीण होऊन, पुन्हा सुरू होतो.

संगीत मिकी हिगाशिनो यांचं. तेव्हा त्या विशीच्याही आत होत्या. प्रत्येक टप्प्याची धून वेगळी, आणि ती सरकत्या पडद्याला पुढे रेटते. मूळ यंत्रात चुंबकीय बबल मेमरी होती. ती तापल्याशिवाय माहिती वाचता यायची नाही. तेवढ्या वेळात पडद्यावर उलटे आकडे मोजले जायचे आणि एक प्रसन्न धून वाजायची. ‘मॉर्निंग म्युझिक’ या नावाने ती आजही लोक आवडीने ऐकतात.

१९८६ मध्ये हा खेळ फॅमिकॉमवर, म्हणजे घरच्या टीव्हीवर आला. तिथे चारऐवजी दोनच ऑप्शन शक्य झाले. ते रूपांतर करणारे काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीसाठी स्वतःचाच खेळ पार होईना. म्हणून त्यांनी बहुतेक शस्त्रं एकदम देणारा बटणांचा क्रम आत ठेवला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तो काढायचा राहून गेला आणि जगप्रसिद्ध झाला. हाच क्रम ‘कॉन्ट्रा’ या दुसऱ्या खेळाच्या अमेरिकेतल्या घरगुती आवृत्तीत तीस जीव द्यायचा. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला आपल्या शहरांतल्या, तालुक्यांच्या गावांतल्या घरांत आल्या, आणि त्यांच्या कॅसेटवर ‘कॉन्ट्रा’ सापडायचाच. इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या अंगठ्यांना हा क्रम अजून पाठ असेल. त्याचा उगम ‘ग्रेडियस’मध्ये आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

हा खेळ आज मिळणं अवघड नाही. कोनामीच्या २०१९ च्या आर्केड संग्रहात ‘स्क्रॅम्बल’ आणि ‘ग्रेडियस’ दोन्ही आहेत. २०२५ मध्ये आलेला ‘ग्रेडियस ओरिजिन्स’ अधिक विस्तृत आहे. आधी ‘स्क्रॅम्बल’ थोडा वेळ खेळा, मग ‘ग्रेडियस’कडे या, पट्टीमुळे काय घडलं ते हाताला आपोआप कळेल. नव्या संग्रहात डाव मागे फिरवण्याची सोय आहे, ती सुरुवातीला वापरू नका. यान फुटलं की त्याच संथ यानाने पुढे जा आणि पहिली कॅप्सूल दिसली की वेग घ्या.