थांबणे आणि राहून जाणे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



समितीने आम्हाला शिक्षणावर बोलायला सांगितले. शिक्षणाचे महत्त्व आम्ही तुम्हाला काय सांगावे? ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो. हा प्रश्न यंदा याच विहाराच्या ओट्यावर आमच्यापुढे आला.

रविवारची वंदना आटोपली होती. आपल्या वस्तीतली एक मुलगी आईवडिलांना घेऊन आली. बी.कॉम. झालेली, लॉची सीईटी दिलेली. नाव लागले ते दूरच्या एका कॉलेजात. मनात मात्र चर्चगेटचे सरकारी लॉ कॉलेज. ते कॉलेज १८५५ सालचे, आणि १९३५ साली बाबासाहेब तिथे प्राचार्य झाले. मुलगी म्हणाली, "काका, मिळालेली जागा घेऊ, की वर्षभर थांबून परत परीक्षा देऊ?" वडील म्हणाले, थांबू दे. आई म्हणाली, हातातलं सोडू नये.

बंधू-भगिनींनो, आमच्या तोंडून लगेच निघणार होते, "घे!" पण आम्ही जीभ आवरली. का आवरली, ते आधी सांगतो.

आम्ही १९८९ साली वडिलांच्या जागी गिरणीत बदलीवर लागलो. रात्रशाळेतून दहावी केली, पाळी सांभाळून बारावी केली, बी.ए. बाहेरून केलं. १९९७ साली एका लॉ कॉलेजच्या सकाळच्या वर्गात आमचं नाव लागलं. पण तेव्हा आम्ही सकाळपाळीला होतो. पाळी बदलून मागायची म्हणजे जॉबरच्या हातापाया पडायचं. आम्ही म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले. मग मुलं झाली. मग गिरण्या एकेक करून बंद पडू लागल्या. आमची तग धरून होती, ती २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या काळात थांबली ती थांबलीच. एक वर्ष थांबायचं म्हटलं होतं, पंचवीसच्या वर झाली. आम्ही थांबलो नव्हतो, आमचं राहून गेलं होतं. थांबणं वेगळं, राहून जाणं वेगळं.

पण आमचं राहून गेलं म्हणून त्या मुलीला ढकलायचं, हे बरोबर नाही. आमच्या दुःखाचा भार तिच्या डोक्यावर कशाला? म्हणून म्हटलं, बस बाई, कागद-पेन घे.

कागदावर चार प्रश्न लिहिले. तुमच्याही घरी ही वेळ येईल, म्हणून ते सांगतो.

पहिला प्रश्न, कॉलेज मान्यतेचे आहे का? बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता दोन्ही पाहिजेत. ती असली, तर पदवी विद्यापीठाची मिळते आणि सनद सगळ्यांना सारखीच. सनदीवर चर्चगेट आणि दूरचे गाव असा भेद नसतो. मोठ्या कॉलेजात ओळखी, स्पर्धा, वातावरण जास्त मिळते, ते नाकारत नाही. पण मान्यता नसेल, तर फी कितीही कमी असो, तिकडे फिरकू नका. आणि घरबसल्या, पत्राद्वारे केलेल्या लॉच्या पदवीवर वकिली करता येत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

दुसरा प्रश्न, कागद आणि पैसा. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे मुलगा हुशार असतो, पण वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत केलेला नसतो. मग ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. उत्पन्नाची अट त्या वर्षीची बघून घ्या. शिष्यवृत्ती हातात पडायला उशीर होतो, तोवर रेल्वेचा पास, पुस्तके, झेरॉक्स यांना पैसा कुठला, हे आधीच ठरवा.

तिसरा प्रश्न, जाण्यायेण्याचा. लॉला ७० टक्के हजेरीचा नियम आहे. नुसते नाव घालून चालत नाही. जायला दीड तास, यायला दीड तास. ते पाच महिने जमेल की तीन वर्षे जमेल, याचा विचार करा.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. पुढच्या वर्षी वेगळे काय होणार? यंदा मार्क कमी का पडले? अभ्यास झाला नाही, की सराव नव्हता? घरी रोज चार तास मिळतील का? याचे उत्तर "बघू" असे असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

आणखी एक हिशोब. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी तीन वर्षांची वकिली पाहिजे. म्हणजे पदवीची तीन आणि वकिलीची तीन. ज्याला न्यायाधीश व्हायचे आहे, त्याचे थांबलेले एक वर्ष पुढे सगळीकडे मोजले जाते.

मुलीने चारही उत्तरे लिहिली. मान्यता होती. वैधता हातात होती. दीड तास जमणार होता. चौथ्यापाशी तिचे पेन अडले. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, मला फक्त त्या कॉलेजचं नाव पाहिजे होतं." तिने जागा घेतली. आता पहाटे पाचला उठते. लोकलमध्ये उभ्याने वाचते.

पण ऐका, याच ओट्यावर एका मुलाला आम्ही थांब म्हणालो. वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस, नेणारा-आणणारा तो एकटा. वैधता निघालेली नाही. त्याने जागा घेतली असती, तर हजेरीअभावी वर्षही गेले असते आणि उमेदही. तो थांबला, पण तारीख लावून थांबला. वैधतेचा अर्ज त्याच आठवड्यात भरला. अर्धा दिवस दुकानात काम, रात्री आठ ते दहा विहाराच्या अभ्यासिकेत. परत परीक्षेला बसला आहे, निकाल लागायचा आहे.

असे थांबणे आपल्याला परके नाही. बाबासाहेब १९१६ साली लंडनला गेले, अर्थशास्त्राबरोबर ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. पण येताना काय घेऊन आले? चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची विद्यापीठाची परवानगी! मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसा बाजूला टाकला, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, आणि १९२० साली परत लंडन गाठले. १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. सात वर्षांचा रस्ता झाला. मधली तीन वर्षे ते थांबले, पण परतीची मुदत ठरलेली होती आणि पैसा त्याच कामासाठी साठत होता. याला थांबणे म्हणतात.

आता आईवडिलांना हात जोडून सांगतो. मुलगा अभ्यासासाठी थांबला असेल, तर त्याला बारा तासांच्या ड्यूटीला लावून वर "मार्क का पडले नाहीत" असे विचारू नका. मुलगी थांबली असेल, तर त्या वर्षात तिला स्थळे दाखवू नका. गरिबाच्या घरात मोकळे वर्ष मोकळे राहत नाही. कुणाचे आजारपण येते, कुणाचे लग्न येते, कर्जाचा हप्ता येतो, आणि वर्ष भरून जाते. म्हणून आमचे मत असे, की मान्यतेचे कॉलेज मिळाले, कागद हातात आहेत आणि जाणे जमते, तर जागा घ्यावी. थांबायचेच असेल, तर कारण, तारीख आणि अभ्यासाचे तास लिहून सगळ्या घराने थांबावे.

पुढची काळजीही थोडी हलकी झाली आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सनदीच्या नोंदणीला कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क सोडून ती रक्कम आपल्या मुलांना १२५ रुपये आहे. त्याआधी हजारोंनी घेत होते. तेवढ्यापायी कुणाची सनद अडता कामा नये.

शेवटी एवढेच. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही ओट्यावर बसतो. फॉर्म, दाखले, वैधता, काहीही असो, घेऊन या. आम्हाला वकील होता आले नाही, पण कागद वाचता येतो. १९९७ ची ती प्रवेशाची चिठ्ठी आमच्या ट्रंकेत अजून आहे. तशी चिठ्ठी या वस्तीतल्या दुसऱ्या कुठल्या ट्रंकेत पडून राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!